हात कुठे थांबतो

[दृश्य: नळाखाली दोन हात. कोपरापर्यंत साबणाचा फेस. आवाज फक्त पाण्याचा.]

नखं बोटांच्या टोकापर्यंत कापलेली. अंगठी काढलेली, घड्याळ काढलेलं. साबण मनगटाशी थांबत नाही, पार कोपरापर्यंत जातो. कारण पुढचा तासभर राबणार आहे तो कोपरापर्यंतचा अख्खा हात. पंजा त्यातला एक तुकडा.

[दृश्य: प्रशिक्षणाची खोली. रिकामं टेबल. विद्यार्थी एकेक करून त्याच्या बाजूला उभे राहतात.]

मसाज शिकवणारा हा वर्ग. पहिल्या दिवशी इथे कुणी कुणाला हात लावत नाही. आधी टेबल. त्याच्या शेजारी ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मूठ वळायची. मुठीची पेरं टेबलाला जेमतेम टेकली की उंची साधारण बरोबर. टेबल उंच राहिलं तर खांदे कानांकडे चढतात, फार खाली गेलं तर कंबर वाकते. प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणून प्रत्येकाचं टेबल वेगळं. सकाळचा बराच वेळ नुसता पाय काढण्या-घालण्यात जातो. टेबलाचे पाय.

[दृश्य: कॅमेरा जमिनीलगत. पावलं पुढे-मागे.]

मालिश बघताना आपली नजर हातांवर असते. जरा पायांकडे बघा. एक पाऊल पुढे, एक मागे. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर येतं, अंग पुढे झुकतं आणि हात आपोआप पाठीवरून सरकत जातो. दंडाने ढकलायचं नसतं. ज्याला हे जमलं त्याचा दाब खोल आणि संथ लागतो. ज्याला जमत नाही तो दहा मिनिटांत घामाघूम होतो, आणि टेबलावरच्या माणसाला नुसतं रगडल्यासारखं वाटतं.

[दृश्य: अंगठा, अगदी जवळून. विद्यार्थिनीचा अंगठा दाब देताना मागे वाकतो.]

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, खोगिराच्या आकाराचा एक छोटा सांधा आहे. त्याच्यामुळे अंगठा इतर चार बोटांसमोर येतो, आपण सुई धरतो, पेन धरतो. दिवसभर कुणाच्या तरी पाठीत रुतून बसायला तो घडलेलाच नाही. म्हणून इथला नियम असा की अंगठ्याने गाठ शोधायची, आणि सापडली की अंगठा उचलून तिथे कोपर ठेवायचं.

"अगं, वाकला बघ अंगठा. सांधे एकावर एक येऊ देत. तू ढकलू नकोस, वजन जाऊ दे."

"पण मॅडम, कोपराला काही कळतच नाही."

"कळेल. महिनाभराने कळेल."

[दृश्य: तीच विद्यार्थिनी, कोपराखालच्या हाताने पाठीच्या कण्यालगत सावकाश सरकताना. लांब शॉट, न कापता.]

या पेशातून अनेक जण बाहेर पडतात ते कंटाळून नव्हे. अंगठा जातो, मनगट जातं, कंबर जाते.

[दृश्य: पाच हालचाली, एकामागून एक. पाठ, मांडी, पोटरी, खांदा.]

आता हाताच्या पाच चाली. लांब सरकता हात, म्हणजे एफ्ल्युराज. स्नायू उचलून तिंबणं, पेट्रिसाज. एका जागी बोट रोवून आडवं घासणं, फ्रिक्शन. थोपटणं, टॅपोटमेंट. आणि थरथर, व्हायब्रेशन. सगळ्यांना मिळून म्हणतात स्वीडिश मसाज. गंमत अशी की यातली मुख्य नावं फ्रेंच आहेत आणि ती रुळवण्याचं श्रेय दिलं जातं ते योहान मेत्झगर या डच डॉक्टरांना. 'स्वीडिश' हे नाव ज्यांच्यावरून आलं असं सांगतात, त्या स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था काढली ती व्यायामशास्त्राची. तरी 'स्वीडिश' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. परिचारिकांचे पांढरे ॲप्रन, उंच कॉलर. एका जुन्या पानावर कॅमेरा संथ सरकतो.]

पण पेशाची गोष्ट हालचालींपासून सुरू होत नाही. ती सुरू होते बदनामीपासून.

१८९४, लंडन. मसाजच्या पाट्या लावून आत वेश्याव्यवसाय चालतो, असं त्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलं. शिकून-सवरून रुग्णांना मसाज देणाऱ्या बायकांवर त्याचा काय परिणाम झाला असेल, हे वेगळं सांगायला नको. 'काय काम करता?' या साध्या प्रश्नाचं उत्तर देणंही अवघड झालं असणार.

[दृश्य: चार छायाचित्रं, एकेक करून.]

लूसी रॉबिन्सन. रोझलिंड पॅजेट. एलिझाबेथ मॅन्ली. मार्गारेट पामर. शुश्रूषा आणि सुईणकाम शिकलेल्या, मसाज देणाऱ्या चौघी. त्यांनी त्याच वर्षी एक संस्था उभी केली, सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस, म्हणजे मसाजचं प्रशिक्षण घेतलेल्या बायकांची संस्था. नावातला 'ट्रेन्ड' हा शब्द नीट ऐका. सगळा भर त्याच्यावर आहे. पाठोपाठ परीक्षा आली आणि नियम आले.

नियम वाचले की लक्षात येतं, सगळे नकाराचे आहेत. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मसाज द्यायचा नाही. पुरुषांना सर्वांगाचा मसाज द्यायचा नाही, डॉक्टरांनी एखाद्या रुग्णासाठी खास सांगितलं तरच. वैद्यकीय नियतकालिकं सोडून कुठेही जाहिरात करायची नाही. रुग्णाला औषधं विकायची नाहीत.

आज यातले दोन-तीन नियम जाचक वाटतील, आणि ते होतेही. निम्मी माणसं एका फटक्यात बाहेर. पण त्या चौघींची युक्ती बघा. आमचे हात काय करू शकतात, याची जाहिरात त्यांनी केली नाही. हात कुठे थांबतील, ते आधी लिहून दिलं. लोकांचा आणि डॉक्टरांचा विश्वास बसला तो त्या कागदावर.

[दृश्य: पहिल्या महायुद्धातलं लष्करी रुग्णालय. खाटांची रांग. एका सैनिकाच्या पायावर हात.]

१९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि प्रशिक्षित मॅसूझ लष्करी रुग्णालयांत दाखल झाल्या. आखडलेले सांधे, गोळी लागून वाळत चाललेले स्नायू. युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था निघाली. तिथे शिकवल्या जाणाऱ्या कामांत मसाजही होता.

[दृश्य: काळा चष्मा लावलेला तरुण, बोटांनी मानवी सांगाड्याची फासळी मोजताना.]

हे चित्र थोडा वेळ पडद्यावर राहू द्या. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्याने अंधांना ॲक्युपंक्चर आणि मालिश शिकवायला शाळा काढल्या होत्या. शरीररचना बोटांनी पाठ करण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

[दृश्य: संस्थेचं नाव असलेले कागद, एकावर एक विरघळत जातात.]

१९२० मध्ये त्या चौघींच्या संस्थेला राजाची सनद मिळाली. तेव्हाच्या लांबलचक नावात 'मसाज' होता, सोबत 'मेडिकल जिम्नॅस्टिक्स', म्हणजे उपचारासाठीचा व्यायाम. १९४४ मध्ये नाव पुन्हा बदललं आणि चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी झालं.

मसाज हा शब्द गळाला.

त्या बायकांनी घातलेली शिस्त रुग्णालयात गेली, तिला पदव्या मिळाल्या. त्यात वाईट काही नाही. पण ज्या कामाच्या अब्रूसाठी ती घातली होती, ते काम मागे दारातच उभं राहिलं. आज ब्रिटनमध्ये 'फिजिओथेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने राखीव आहे. 'मसाज थेरपिस्ट' नाही. नोंदणी आहे ती ऐच्छिक. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात हेच नाव राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. जपानमध्ये किमान तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे. परवान्यासाठी टेक्ससमध्ये ५०० तासांचं शिक्षण लागतं, न्यूयॉर्कमध्ये १,०००. खांदा तोच, पाठ तीच, राज्य बदललं की तास दुप्पट. आणि जिथे काहीच नियम नाही, तिथे दुखावलेल्या माणसाने तक्रार करायची कुणाकडे?

[दृश्य: पुन्हा प्रशिक्षणाची खोली. पांढरी चादर हवेत उघडते, टेबलावर पसरते.]

चादर. साधीसुधी दिसते, पण या वर्गात सगळ्यात जास्त घाम तीच काढते.

ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. पाय उघडायचा तर चादर मांडीखालून आत खोचायची, म्हणजे पाय हलवला तरी ती सरकत नाही. माणसाने कूस बदलली की चादर तंबूसारखी उचलून धरायची आणि नजर दुसरीकडे. कपडे काढताना थेरपिस्ट खोलीत थांबत नाही. परत येताना दार वाजवतो, 'येऊ का?' विचारतो, उत्तराची वाट बघतो.

[दृश्य: चादर घसरते. वर्गात हशा. शिकवणाऱ्या मॅडमचा चेहरा.]

मॅडम हसत नाहीत.

[दृश्य: टेबलाच्या चेहरा ठेवायच्या भोकातून, खालच्या बाजूला. जमीन. थोड्या वेळाने दोन पावलं चौकटीत येऊन थांबतात.]

पालथ्या पडलेल्या माणसाला इतकंच दिसतं. अंगावर कपडे कमी, तोंड खाली, आणि मागून येणाऱ्या हातांची फक्त पावलं. इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तासभर असं पडून राहावं लागतं, तेही कोर्सच्या सुरुवातीलाच.

त्यानंतर विचारण्याची सवय लागायला वेळ लागत नाही. 'आता उजव्या मांडीवर काम करते, चालेल ना?' 'दाब ठीक आहे का?' चालेल म्हणणाऱ्याला पाच मिनिटांनी नको म्हणता येतं, कारण न देता. आणि गप्प राहणं म्हणजे होकार, असं इथे धरत नाहीत.

[दृश्य: विद्यार्थ्याच्या मानेवर, काखेत, गुडघ्यामागे लाल स्केचपेनने गोल काढले जातात.]

लाल गोल म्हणजे जपून. मानेची पुढची बाजू, जिथून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी वर चढते. काख. जांघ. गुडघ्यामागचा खळगा. इथे नसा आणि रक्तवाहिन्या वरवर असतात, त्यांना स्नायूंचं फारसं पांघरूण नाही. खोल दाब इथे वर्ज्य.

[दृश्य: दोन विद्यार्थी समोरासमोर. एक रुग्णाची भूमिका करतोय. प्रश्नावलीचा कागद.]

पुढचा सराव विचारण्याचा. तेल लावण्याआधी प्रश्न. कसली ॲलर्जी? बदामाच्या तेलानेही काहींच्या अंगावर उठतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मग हात हलका, नाहीतर वळ उठतील. ताप आहे? त्वचेवर संसर्ग आहे? मग आज नाही.

आणि एक पोटरी. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी. हल्लीच शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा लांबचा प्रवास बसून केला असेल. माणूस म्हणतो, 'पायात गोळा आलाय, जरा चोळून द्या.' आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर ती चोळल्याने सुटू शकते आणि फुप्फुसात जाऊन अडकू शकते. जीव जाऊ शकतो. हात लावायचा नाही, ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचं.

[दृश्य: भूमिका करणारा विद्यार्थी हट्टाला पेटलाय. समोरची विद्यार्थिनी मान हलवते.]

"अहो, पैसे देतोय ना मी!"

"तरीही नाही. आज मला तुमच्या पायाला हात लावता येणार नाही."

हे वाक्य ती चौथ्यांदा म्हणते आहे. पहिल्या तीन वेळा तिने आधी 'सॉरी' म्हटलं होतं. मॅडमनी ते खोडायला लावलं.

बोलण्यावरही इथे पहारा असतो. 'मसाजने शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात' हे वाक्य वर्गात चालत नाही. 'व्यायामाने स्नायूंत साठलेलं लॅक्टिक ॲसिड मसाजने निघून जातं' हेही चालत नाही. ते शरीर स्वतःच साधारण तासाभरात आटोक्यात आणतं, त्यासाठी कुणाच्या हाताची गरज पडत नाही. मग मसाजने काय होतं? दुखणं काही काळ कमी होतं, आखडलेपणा सैलावतो, मन शांत होतं. आम्हाला विचाराल तर तेवढं पुरेसं आहे. त्याला खोट्याची फोडणी कशाला?

[दृश्य: वेगवान तुकडे. खेळाडूची मांडी, वयस्क हात, पोटाशी उशी घेऊन कुशीवर झोपलेली गर्भवती.]

कोर्स संपला की वाटा फुटतात. खेळाडूंचा संघ, रुग्णालय, स्पा, किंवा स्वतःची एक खोली. आठवड्याला प्रत्यक्ष हातांचं काम वीस-पंचवीस तास झालं, की बरेच थेरपिस्ट त्याला पूर्णवेळ समजतात. उरलेला वेळ चादरी धुणं, नोंदी आणि स्वतःचा व्यायाम.

[दृश्य: संध्याकाळ. विद्यार्थिनी टेबलाशी बसून लिहिते आहे.]

नोंदीचे चार भाग असतात. माणसाने काय सांगितलं. डोळ्यांना आणि हातांना काय आढळलं. त्यावरून काय वाटतं. पुढे काय करायचं. ही पद्धत १९६० च्या दशकात लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णालयांसाठी आणली आणि तिथून ती या टेबलापर्यंत आली.

[दृश्य: वहीचं पान, जवळून. पेन थांबतं, पुन्हा चालू लागतं.]

आजच्या सरावाची तिची नोंद पाच ओळींची आहे. 'डावी पोटरी दुखते, तीन दिवस. डावी पोटरी उजवीपेक्षा मोठी दिसते, त्वचा लाल. शिरेत गुठळीची शंका. मसाज दिला नाही. डॉक्टरांकडे तातडीने पाठवलं.' खाली वेळ, सही.

[दृश्य: टेबलावर चादर, घडी न मोडलेली. दिवा बंद होतो.]