आयटी पार्कच्या गच्चीवरचं ग्रहण

[दृश्य : नागपूर, आयटी पार्क. उतरतं ऊन.]

२५ ऑक्टोबर २०२२, मंगळवार. काल लक्ष्मीपूजन झालं, उद्या पाडवा. परदेशातल्या क्लायंटला दिवाळी नसते, म्हणून परसोडीच्या आयटी पार्कमधली ही ऑफिसं आजही चालू आहेत.

खंडग्रास ग्रहण शहराला आपणहून कळत नाही. खग्रास असतं तर भरदिवसा अंधारलं असतं, पाखरं घरट्याकडे वळली असती. सूर्याचा थोडा भाग झाकला तर रस्त्यावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. त्याला कुणीतरी खुर्चीवरून उठवावं लागतं. आमच्याकडे टेस्टिंगच्या ताई प्रत्येक टेबलापाशी गेल्या. "पाच मिनिटं वर या. काम कुठं पळून नाही चाललं."

[दृश्य : गच्ची. माणसांची रांग.]

पावणेपाच वाजून गेले होते. सूर्य हिंगण्याच्या बाजूला उतरत होता आणि ग्रहणाचे चष्मे दोनच. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यातलं काहीही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. इजा होत असते आणि माणूस बघतच राहतो. हे ताई प्रत्येकाला सांगत होत्या, न कंटाळता.

रांग लांबली, तेव्हा कँटीनचे काका खाली जाऊन बुंदीचा झारा घेऊन आले.

[दृश्य : झारा आणि पाण्याच्या टाकीची भिंत, जवळून.]

झारा भिंतीला टेकवून धरला, तर नुसते छिद्रांचे गोल ठिपके. काका एक एक पाऊल मागे येत गेले. ठिपके मोठे झाले, कडा धूसर झाल्या, आणि दोनेक मीटरवर प्रत्येक ठिपक्याला खाच पडली. प्रत्येक छिद्रातून सूर्याची एक अख्खी प्रतिमा उतरत होती, तीही उलटी. आकाशातला सूर्य खालून कुरतडलेला, भिंतीवरचे सगळे वरून.

"अरे बाप्पा! इतके सूर्य दिसून राहिले!" हाउसकीपिंगच्या मावशी म्हणाल्या. मग चष्म्याची रांग मोडली आणि सगळे भिंतीपाशी आले.

आमच्यातला एक जण वेध पाळत होता, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. गच्चीवर सगळ्यात जास्त वेळ तोच उभा होता. श्रद्धा आणि कुतूहल एकाच माणसात सुखानं नांदतात, हे मला त्या दिवशी फार आवडलं.

पाच मिनिटांचा जवळजवळ तास झाला. मॅनेजर बोलवायला आले आणि तेही थांबले.

नागपुरात या ग्रहणाचा मोक्ष दिसणार नव्हता. पावणेसहाच्या सुमारास सूर्य ग्रासलेलाच मावळला. तेवढ्यात पुण्याच्या टीमचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सूर्यास्त वीसेक मिनिटं उशिरा, सूर्य अजून वर होता. पण त्यांच्याकडे चष्मा नव्हता. ताईंनी फोन हातात घेतला आणि पहिलंच विचारलं, "तुमच्या कँटीनमध्ये झारा आहे का?"