आजची भाकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरात ‘मंडळी’ म्हणजे चर्चमध्ये जमणारी माणसं. इथे अमेरिकेत, मराठी मेळाव्यात हा शब्द कानावर पडला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

मी ऐरोलीची. अण्णा कामासाठी नगर जिल्ह्यातून आले होते. मी नववीत असताना ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं, थकलेला पगारही हाती आला नाही. खाणारी तोंडं पाच. आई रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीवर थांबायची. एकदा मी चिडून म्हटलं, “रोज काय मागतेस? एकदम महिन्याचं माग ना.” ती म्हणाली, “महिन्याचं मिळालं तर महिनाभर त्याच्याकडे कोण जाईल गं?”

मग तिने बायबलमधली मान्नाची, म्हणजे आकाशातून मिळालेल्या भाकरीची, गोष्ट सांगितली. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरतंच अन्न मिळे. उद्यासाठी लपवून ठेवलं की त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, कारण सातवा विसाव्याचा. त्या वर्षात आमच्याकडे कधी शेजारच्या काकूंकडून तांदूळ आले, कधी भगिनीमंडळाने गुपचूप फी भरली. डबा भरला कधीच नाही, पण तळही दिसला नाही.

विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं मात्र समजू नका. येशूने आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगितलं. आमच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. ते पेरत नाहीत, साठवत नाहीत, पण तासन् तास चिखलात मान खाली घालून चोचीने पाणी गाळत असतात. चिखलातलं अन्न देवाचं, मान वाकवणं त्यांचं. अण्णाही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला निघायचे.

गावी परत जायचं की नाही, यावर त्यांनी खूप प्रार्थना केली. आकाशातून आवाज वगैरे आला नाही. एका ओळखीच्या माणसाने आठ दिवसांच्या दुरुस्तीच्या कामाला बोलावलं, तिथून पुढचं काम निघालं. ‘देवाचं वचन माझ्या पावलांसाठी दिवा आहे’ असं बायबलमधलं एक स्तोत्र म्हणतं. अण्णा म्हणत, तो दिवा म्हणजे आपला शेतावरचा कंदील. उजेड दोन पावलांपुरता, पण चालत राहिलं की बांध ओलांडून घर येतं.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना नोकरी गेली की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात; ते कसे जातात, हे वेगळं सांगायला नको. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते. आईला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, “आज जेवलीस ना?” त्या रात्री मी पहिल्यांदा फुली न मारता झोपले. नोकरी मिळाली, पण माझी साक्ष नोकरीची नाही, त्या झोपेची आहे.

अण्णा आता नाहीत. आई ऐरोलीतच आहे. तिची रात्र होते तेव्हा इथे सकाळ असते, आणि आम्ही दोघी फोनवर प्रार्थना म्हणतो. त्या ओळीवर ती अजून थांबते. मीही थांबते.