पोर्ट २५ बंद करा, पण सांगून करा

मंडळी, अंधेरी-घाटकोपरच्या छोट्या ऑफिसांत हमखास दिसणारा प्रकार सांगतो. इंटरनेटची कंपनी बदलली. वेबसाइट उघडतात, व्हॉट्सअ‍ॅप चालतं. पण झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेला कागद ईमेलने जायचा, तो जात नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, एवढंच मशीन सांगतं. मेकॅनिक मशीन उघडून बघतो, मग कुणीतरी राउटर बदलतं. बिघाड कुठेच नसतो. नव्या कंपनीने बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलेलं असतं. पोर्ट म्हणजे संगणकाचा नंबर लावलेला दरवाजा; २५ हा ईमेलचा, आणि मशीन तिथूनच कागद पाठवत असतं.

का, ते नीट समजून घ्या. ईमेलची वाहतूक ज्या एसएमटीपी नियमांनी चालते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. तेव्हा नेटवर्कवर होती विद्यापीठं आणि प्रयोगशाळा. पत्र टाकणाऱ्याला टपालपेटी जशी नाव विचारत नाही, तसं या नियमांतही ‘तू कोण’ हे तपासायची सोय नव्हती. पुढे घरोघरी संगणक आले आणि २००३च्या सोबिगसारख्या व्हायरसांनी त्यांचा ताबा घेतला. मालक झोपलेला, आणि त्याच्या संगणकातून रात्रभर स्पॅम चाललेला! असा संगणक इंटरनेट कंपनीच्या मेल सर्व्हरला (ईमेल पुढे पोचवणाऱ्या संगणकाला) विचारतच नाही. तो समोरच्याच्या सर्व्हरचं पोर्ट २५ थेट गाठतो. घरगुती ग्राहकाला तिथे थेट जाण्याचं काही कामच नसतं. म्हणून ती वाट अडवायची. २००५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जगभरच्या इंटरनेट कंपन्यांना हेच सुचवलं.

आपल्यासाठी दुसरी वाट १९९८ सालीच ठरली होती: पोर्ट ५८७. तिथे नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय पत्र स्वीकारत नाहीत. म्हणजे जबाबदार कोण, हे कळतं.

मुंबईत याला आणखी एक कारण आहे. आयपी पत्ते (इंटरनेटवर कनेक्शन ओळखायचे नंबर) अपुरे, म्हणून कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता देतात. तुमच्या मजल्यावरच्या एखाद्या व्हायरस लागलेल्या लॅपटॉपमुळे तो पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला, तर चटका सगळ्यांना बसतो.

तेव्हा बंदी योग्यच आहे, असं मी ठामपणे म्हणतो. राग येतो तो गुपचूप घातलेल्या बंदीचा. ब्राझील बघा. २००९च्या सुमारास स्पॅम पाठवणाऱ्या देशांत तो अगदी वरच्या नंबरावर होता. तिथल्या इंटरनेट समितीने टेलिफोन कंपन्या आणि ईमेल सेवा देणारे यांना एकत्र बसवलं, ग्राहकांना आधी ५८७वर नेलं आणि मग २५ बंद केलं. वेळ लागला, पण २०१३पर्यंत देश पहिल्या दहांतूनही बाहेर पडला. इथे मात्र कनेक्शनच्या कागदावर याची एक ओळही नसते आणि हेल्पलाइनवरचा मुलगा ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणतो. त्या मुलाचा दोष नाही. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये २५ असेल तर ५८७ करा, टीएलएस (वाटेत मजकूर कुणाला वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) चालू करा, नाव-पासवर्ड भरा. मशीन फारच जुनं असेल आणि त्याला टीएलएस जमत नसेल, तर ऑफिसातल्या एखाद्या संगणकाला मधला सर्व्हर करा: मशीन त्याला पत्र देईल, तो ते ५८७वरून पुढे पाठवेल. आणि ज्यांना स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचाच आहे, त्यांनी कंपनीकडे लेखी अर्ज करून स्थिर (न बदलणारा) आयपी, रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) आणि उघडं पोर्ट २५ मागावं. नकार मिळाला, तर तोही लेखी घ्यावा.