हॉग आयलंड: परत येणारी माणसं

(दृश्य: सकाळचं धुकं. पाण्याच्या कडेला स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची काळपट रांग. लाकडी धक्क्याला टेकणारी लहान बोट.)

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं मेन राज्य. तिथल्या मस्कॉन्गस उपसागरात हे हॉग आयलंड. नावात डुक्कर आहे, बेटावर नाही. सुमारे ३३० एकर जंगल, खडकाळ किनारा, आणि एका टोकाला जुन्या लाकडी घरांचा पुंजका.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे जंगल कुऱ्हाडीखाली जाणार होतं. ते वाचवलं मेबल लूमिस टॉड यांनी. एमिली डिकिन्सनच्या कविता कवयित्रीच्या मृत्यूनंतर संपादित करून लोकांपुढे आणणाऱ्या, त्याच या बाई. पुढे त्यांची मुलगी मिलिसेंट हिच्या पुढाकाराने बेट ऑड्युबन सोसायटी या पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या हाती आलं, आणि १९३६ च्या उन्हाळ्यात इथे निसर्गशिबिर सुरू झालं. पक्षी शिकवायला कोण होतं? रॉजर टोरी पीटरसन. ज्यांच्या पुस्तकाने अमेरिकेला दुर्बिणीतून पक्षी ओळखायला शिकवलं, ते.

(दृश्य: उघडा समुद्र. लाल-केशरी चोचीचा पफिन हा समुद्रपक्षी.)

मग स्टीफन क्रेस. या शिबिरातले तरुण शिक्षक. जवळच्या ईस्टर्न एग रॉक या सात एकरांच्या खडकावर एके काळी पफिन घरटी करत, हे त्यांच्या वाचनात आलं. शिकारीने ते कधीच संपले होते. १९७३ साली क्रेस यांनी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणली, हाताने खोदलेल्या बिळांत ठेवली, रोज मासे भरवले. पिल्लं मोठी होऊन समुद्रात निघून गेली. आता वाट पाहायची. परतणाऱ्यांना सोबत वाटावी म्हणून खडकावर लाकडी पफिन मांडले. ४ जुलै १९८१ ला एक पफिन चोचीत मासे घेऊन दगडांच्या फटीत शिरला. आत पिल्लू होतं!

ही गोष्ट सगळे सांगतात, सांगावीच. पण आम्ही कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आलोय.

(दृश्य: ओले हात. ताटांची चळत. भिंतीला टेकवलेली शिडी.)

इथे राबणारी ही मंडळी पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत. बरीचशी इथलीच माजी शिबिरार्थी. हंगामाच्या तोंडावर ती येतात. हिवाळाभर बंद असलेली घरं उघडायची, झाडायची, गाद्या वाळवायच्या, रंगाचा हात द्यायचा, कुजलेली फळी बदलायची. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात. मग उन्हाळाभर कुणी भांडी घासतं, कुणी भाजी चिरतं, कुणी नव्या पाहुण्यांच्या पिशव्या उचलतं. मोबदला म्हणजे राहणं, जेवण आणि पहाटेचे पक्षी.

यांच्या गटाचं नाव ‘फ्रेंड्स ऑफ हॉग आयलंड’. नावात मैत्री असली तरी काम घरच्यांचं आहे. २००९ च्या सुमारास पैशाअभावी शिबिरावर कुलूप लागायची पाळी आली, तेव्हा ही माणसं गप्प बसली नाहीत. पुढच्याच वर्षी ऑड्युबनने शिबिर पुन्हा हाती घेतलं. शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी शिष्यवृत्त्यांचा निधीही हीच मंडळी उभारतात. खरं तर देणगीचा धनादेश लिहून मोकळं होता येतं. पण तो लिहून वर चिकट कढई घासायला येणारा माणूस वेगळाच.

(दृश्य: खांबावरचं काटक्यांचं मोठं घरटं.)

हा ऑस्प्रे, मासे खाणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात आपल्या धरणांवर आणि कोकणातल्या खाड्यांवर उतरतो, तीच जात. इथल्या एका घरट्यावर थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा बसवला. त्यावर गाजलेल्या जोडीचं नाव होतं रेचल आणि स्टीव्ह. स्टीव्ह म्हणजे स्टीफनचंच छोटं रूप; कोणाच्या नावावरून, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

या कॅमेऱ्यामागेही स्वयंसेवकच. बेटापासून शेकडो मैलांवर, आपापल्या घरी बसून घरट्यावर नजर ठेवणारे. अंडं कधी दिसलं, मासा कुणी आणला, पिल्लाने पंख कधी पसरले, सगळ्याची नोंद.

(दृश्य: घरट्यात हालचाल. नर पायात मासा घेऊन उतरतो. मागून, स्वयंपाकघरातून, भांड्यांचा आवाज.)