शंभर मैलांच्या पलीकडचं

नमस्कार श्रोतेहो. आज बेसबॉलबद्दल बोलायचंय. आपल्याकडे हा खेळ फारसा पाहिला जात नाही, म्हणून दोन गोष्टी आधी सांगून टाकतो. पिचर धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, एक पाय उचलतो आणि चेंडू फेकतो. कोपर वाकलं तरी चालतं, आणि चेंडू टप्पा न पडता बॅटरपर्यंत जायला हवा. अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे आपल्या खेळपट्टीपेक्षा थोडं कमीच.

ताशी 100 मैल म्हणजे साधारण 161 किलोमीटर. शोएब अख्तरनं 2003 च्या विश्वचषकात हा आकडा गाठला, त्याच्या गप्पा आपण अजून मारतो. 11 मे 2024 ला पिट्सबर्गच्या मैदानावर पॉल स्कीन्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलानं मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमधल्या, पहिल्याच सामन्यात ही शंभरी 17 वेळा गाठली.

आणि तरीही वेग हा या मुलातला सर्वांत कमी गमतीचा भाग आहे, असं माझं मत आहे. वेग मोजायला रडार गन पुरते. स्काउटला, म्हणजे क्लबसाठी नवे खेळाडू हेरणाऱ्याला, पगार मिळतो तो बाकीचं बघण्यासाठी.

बेसबॉलचे स्काउट खेळाडूच्या प्रत्येक गुणाला 20 ते 80 मध्ये आकडा देतात. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी माणूस. 80 क्वचितच कुणाला मिळतात. स्कीन्सच्या वेगाला एवढे द्यायला फार विचार करावा लागत नव्हता. शंका होती ती दुसरीकडेच. त्याचा वेगवान चेंडू खाली बसत यायचा. याच वेगाचा पण वर तरंगल्यासारखा वाटणारा चेंडू बॅटरला जास्त फसवतो. मेजर लीगमधले बॅटर नुसत्या वेगाला लवकर सरावतात, तेव्हा याचं काय होणार, हा प्रश्न रास्त होता.

उत्तर मिळालं ते ड्राफ्टनंतर, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यानंतर. स्कीन्स आधी अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत होता. तिथे तो पिचिंग करायचा, शिवाय कॅचरही (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) होता आणि बॅटिंगही करायचा. मग लुइझियाना स्टेट विद्यापीठात आला आणि 2023 च्या हंगामात त्यानं 209 बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइक टाकून बाद केले. बॅटरच्या टप्प्यातून गेलेला किंवा त्यानं बॅट फिरवून हुकवलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. त्या जुलैमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्याला ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला उचलला आणि 92 लाख डॉलर बोनस दिला. पण ज्या चेंडूनं त्याचं नाव झालं, तो ‘स्प्लिंकर’, त्या वेळी त्याच्या भात्यात नव्हताच. चेंडूवरची पकड थोडी बदलून बघताना तो नंतर गवसला. वेग 94 मैलांच्या आसपास, आणि बॅटजवळ येताना एकदम खाली जातो. म्हणजे स्काउटनं जे पाहिलं त्यावर दिलेला आकडा बरोबर होता, पण पोरगं अजून शिकत होतं.

याच पायरेट्सनं 2008 मध्ये आपल्या देशातल्या दोघांना करारबद्ध केलं होतं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशातले. रिंकू तर भालाफेक करणारा. जोरात आणि अचूक फेकण्याच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले. मेजर लीगपर्यंत मात्र दोघेही पोचले नाहीत. हात होते, पण समोरच्या बॅटरला वाचायची सवय लहानपणापासून लागते, ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कुठून आणायची?

आता पहिल्या सामन्याकडे या. शिकागो कब्ज या संघाविरुद्ध स्कीन्सच्या खात्यावर चार इनिंग, सहा हिट (बॅटरनं चेंडू मारून बेस गाठणं), तीन रन आणि सात स्ट्राइकआउट. सकाळी पेपरात हे वाचलं तर वाटेल, बरा होता, एवढंच. पण त्यातला एकच रन निको हर्नरच्या होमरनचा, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्याचा. पाचव्या इनिंगमध्ये स्कीन्स बाहेर पडला तेव्हा कब्जचे दोन धावपटू बेसवर, म्हणजे रन काढण्याच्या वाटेवरच्या थांब्यांवर, होते. नंतर आलेल्या पिचरांना स्ट्राइक टाकताच येईना, त्यामुळे बॅटरांना फुकट बेस मिळत गेले, ते दोघे शेवटच्या बेसवर पोचले, आणि नियमाप्रमाणे रन स्कीन्सच्याच नावावर लागले. मध्येच पाऊस येऊन खेळही थांबला. सामना पायरेट्सनं 10-9 असा जिंकला, कसाबसा.

सहा दिवसांनी पुन्हा तोच कब्ज संघ, या वेळी त्यांच्या घरच्या मैदानावर. हे बॅटर त्याला नुकतेच खेळले होते, म्हणून खरी परीक्षा ही. त्यानं पहिल्या सातही जणांना स्ट्राइकआउट केलं. सहा इनिंग, 100 चेंडू, अकरा स्ट्राइकआउट, हिट एकही नाही. पुढे जुलैत, अवघ्या अकरा सामन्यांनंतर, ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांतल्या निवडक खेळाडूंच्या लढतीत, त्यातल्या नॅशनल लीगचा पहिला पिचर म्हणून तोच उतरला.

मग त्याला मे महिन्यापर्यंत खालच्या लीगमध्ये का ठेवलं? तिथे सात सामन्यांत त्याला जेमतेम 27 इनिंग टाकू दिल्या. हात जपायला हवा, हे कारण खरंच आहे. दुसरंही एक आहे, जे क्लब मोठ्यानं बोलत नाहीत. खेळाडू उशिरा वर आला, तर त्याचं पहिलं वर्ष पूर्ण धरलं जात नाही आणि क्लबला तो एक वर्ष जास्त वापरता येतो. पण लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या अलीकडच्या करारात एक कलम आलंय. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. स्कीन्स पहिला आला. क्लबच्या हातून ते जादा वर्ष गेलं.