खुर्चीवर कोण बसणार हे ठरवतं कोण?

[पडद्यावर: आमसभेचं हिरवं संगमरवरी व्यासपीठ]

२६ फेब्रुवारी २०२१, न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारचे राजदूत क्यॉ मो तुन बोलतायत, आवाज जड झालाय, आणि शेवटी शेवटी ते इंग्रजी सोडून सरळ बर्मी भाषेत बोलतात आणि निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर करतात. तिकडे देशात १ फेब्रुवारीलाच लष्करानं सत्ता बळकावलीय, निवडून आलेल्या नेत्या आंग सान सू ची अटकेत आहेत, आणि हा माणूस त्याच देशाच्या पाटीमागून जगाला सांगतोय की आमच्या लष्कराला आवरा.

दुसऱ्याच दिवशी लष्करानं त्यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी ज्या डेप्युटीला नेमलं, त्यानंच राजीनामा दिला. आणि क्यॉ मो तुन? ते तिथेच. त्याच खुर्चीत.

आता आपल्याला साधा प्रश्न पडतो की बाबा, मालकानं काढलेला माणूस ऑफिसात बसतोच कसा? पण इथे मालक कोण हाच तर वाद आहे ना.

तर यूएनमध्ये एक क्रेडेन्शियल्स कमिटी असते. नऊ देश. प्रथेप्रमाणे अमेरिका, रशिया आणि चीन त्यात असतातच. काम काय तर 'आमचा प्रतिनिधी हा' असं सांगणारं प्रत्येक देशाचं पत्र, म्हणजेच क्रेडेन्शियल, तपासायचं, त्यावर राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्र्याची सही आहे का बघायचं. एरवी हे इतकं रटाळ काम आहे की कोणाचं लक्षही जात नाही. पण एकाच देशातून दोन पत्रं आली की मग खरी पंचाईत.

[पडद्यावर: सनदेचं पहिलं पान]

यूएनच्या सनदेची सुरुवात बघा. 'आम्ही, संयुक्त राष्ट्रांचे लोक'. ओळखीचं वाटलं? बालभारतीच्या पुस्तकात पहिल्याच पानांवर आपण वाचत आलोय, 'आम्ही, भारताचे लोक'. पण आपली उद्देशिका संपते कुठे, तर 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत', म्हणजे लोकांपासून सुरू होऊन लोकांवरच थांबते. सनदेची प्रस्तावना मात्र लोकांपासून निघते आणि शेवटाला येईपर्यंत गुपचूप 'आमची सरकारं' म्हणायला लागते, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या प्रतिनिधींमार्फत आमच्या सरकारांनी ही सनद मान्य केली, असं. लोक पहिल्या ओळीत, सही सरकारची. माझ्या मते सगळी गोची या एका प्रस्तावनेत आहे.

आणि हे आपल्यालाच सगळ्यात आधी कळायला हवं, कारण त्या सॅन फ्रान्सिस्कोत आपणही होतो. म्हणजे होतो आणि नव्हतोही. २६ जून १९४५ ला सनदेवर सह्या झाल्या तेव्हा भारत ब्रिटिशांच्या ताब्यात होता, तरी भारताच्या नावापुढे सही आहे, रामस्वामी मुदलियार यांची. शिष्टमंडळात फिरोज खान नूनही होते, जे पुढे पाकिस्तानचे पंतप्रधान झाले, बघा आता. आणि परिषद एप्रिलमध्ये सुरू झाली तेव्हा नेहरू तुरुंगात! सुटले १५ जूनला, सह्यांच्या अकरा दिवस आधी.

पण त्याच शहरात, हॉलच्या बाहेर, एक बाई ठासून सांगत होत्या की आत बसलेले लोक भारताचे प्रतिनिधी नाहीत, त्यांना ब्रिटिशांनी पाठवलंय. विजयालक्ष्मी पंडित. नेहरूंची बहीण हे सगळ्यांना माहीत असतं, पण हे पंडित आडनाव आलं कुठून तर रणजित सीताराम पंडित या मराठी बॅरिस्टरकडून, ज्यांनी राजतरंगिणीचं इंग्रजीत भाषांतर केलं. ते १९४४ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षाच्या शेवटी विजयालक्ष्मी अमेरिकेत पोचल्या आणि गावोगाव भाषणं देत सुटल्या. कुठलं क्रेडेन्शियल नाही, पत्र नाही, काही नाही. १९४६ ला त्याच बाई भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून आत गेल्या, आणि १९५३ ला आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या महिला अध्यक्ष.

म्हणजे लोकांचा माणूस बाहेर आणि पत्रवाला आत, हे यूएनच्या जन्मापासूनच आहे.

चीनचा किस्सा तर माहीत असेलच. १९४९ ला यादवी युद्ध जिंकून कम्युनिस्ट माओ बीजिंगमध्ये, हरलेले चँग कै-शेक तैवानला, आणि चीनची सीट, तीही व्हेटोवाली, बावीस वर्षं तैवानवाल्यांकडे! २५ ऑक्टोबर १९७१ ला ठराव २७५८ आला, ७६ विरुद्ध ३५, आणि सीट बीजिंगला गेली. सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा तर मतदानही नाही, २४ डिसेंबर १९९१ ला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांचं एक पत्र आलं की इथून पुढे आमच्या जागी रशिया, आणि पाटी बदलली. गंमत म्हणजे सनदेचं कलम २३ आजही उघडा, कायम सदस्यांच्या यादीत 'रिपब्लिक ऑफ चायना' आणि 'युनियन ऑफ सोव्हिएत सोशलिस्ट रिपब्लिक्स' असंच छापलेलं आहे. बदलायचं तर दोन तृतीयांश देश हवेत आणि पाचही बडे राजी हवेत, त्यामुळे कोणी त्या भानगडीत पडत नाही.

[पडद्यावर: काळा पडदा. थोडा वेळ आवाज नाही]

पण आता कंबोडिया. इथे जरा थांबावं लागेल.

एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९, पोल पॉटची ख्मेर रूज राजवट. शहरं रिकामी केली, लोकांना शेतावर हाकललं, आणि पावणेचार वर्षांत उपासमारीनं, रोगानं, गोळ्या घालून साधारण १५ ते २० लाख माणसं मेली. शेवटी ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी सैन्य राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरलं, पोल पॉट जंगलात पळाला, नवं सरकार आलं. त्या वर्षी आमसभेत कंबोडियाची दोन पत्रं आली. एक नव्या सरकारचं, दुसरं जंगलातल्या ख्मेर रूजचं.

सीट कोणाला मिळाली? ख्मेर रूजला. ७१ विरुद्ध ३५, आणि ३४ तटस्थ.

कारण काय दिलं, तर परकीय सैन्याच्या जोरावर बसवलेलं सरकार आम्ही मान्य करणार नाही. आता तत्त्व म्हणून हे अगदीच फेकून देण्यासारखं नाही हो, उद्या कोणीही शेजारी घुसेल आणि आपला माणूस बसवेल, लहान देशांना ही भीती खरीच होती. पण अमेरिका आणि चीननं हात वर केला तो तत्त्वासाठी नाही, व्हिएतनाम आणि त्याच्या मागचा सोव्हिएत युनियन नको होता म्हणून. भारतानं १९८० ला नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली, तेव्हा आपल्यावर बरीच टीका झाली. १९८२ ला कंबोडियाचे माजी राजे सिहानूक यांना पुढे करून ख्मेर रूजसह आघाडी बनवली, नाव जरा बरं दिसायला लागलं, पण यूएनमधला राजदूत तोच, ख्मेर रूजच्या काळातला. ज्यांची माणसं मारली गेली त्यांच्याच वतीनं मारणारे न्यूयॉर्कमध्ये मतदान करत होते, वर्षानुवर्षं.

बरं, पत्राच्या पलीकडे बघताच येत नाही असंही नाही. १९७४ ला वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला यूएनमधून काढायचा प्रस्ताव सुरक्षा परिषदेत आला, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तिघांनी व्हेटो मारला. मग आमसभेनं वेगळी वाट धरली, अध्यक्ष होते अल्जीरियाचे बुतेफ्लिका, त्यांनी सांगितलं की गोऱ्यांच्या सरकारचं क्रेडेन्शियल आम्ही नाकारलंय, तर त्यांनी कामकाजात भाग घ्यायचाच नाही. नियमात बसतं का यावर वकील भांडतील. पण १९९४ पर्यंत त्यांना परत बसता आलं नाही, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाल्यावरच जमलं.

म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

[पडद्यावर: पुन्हा आमसभा, आज]

म्यानमारचं काय झालं मग? डिसेंबर २०२१ ला कमिटीसमोर दोन पत्रं होती, कमिटीनं ना हो म्हटलं ना नाही, निर्णय पुढे ढकलला. पुढच्या वर्षी परत ढकलला, त्याच्या पुढच्या वर्षीही. तालिबानचंही तसंच, १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल घेतलं, सीट मागितली, उत्तर तेच, बघू. आणि प्रथा अशी की निर्णय होईपर्यंत आधीचा माणूस बसतो. त्यामुळे एकाच हॉलमध्ये एक खुर्ची अशा माणसाची, ज्याला त्याच्या देशातल्या लष्करानं कधीच काढलंय, आणि एक खुर्ची अशा सरकारच्या माणसाची, जे सरकारच आता कुठे नाही.