चटका न लागणारे हात

श्रोतेहो, नमस्कार. करवीर तालुक्यातल्या एका गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याची, गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगतो. आपण त्यांना आण्णा म्हणू.

आण्णा माझ्याकडे आले ते डोकं दुखतं म्हणून. खोकला, शिंक, काहिल उचलताना लावलेला जोर. लगेच डोक्याच्या मागं, मानेच्या वर कळ. थोड्या वेळात थांबायची. गोळी लिहून देणार, तेवढ्यात त्यांच्या पत्नी, काकी, म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचं हात बघा की. पाक बघताना फोड येत्यात, ह्यास्नी कळत न्हाई." गुऱ्हाळावर तर कौतुक चाललेलं, आण्णांना चटका लागत नाही, देवाची कृपा! बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते.

 

तर, आण्णांना डोळे मिटायला सांगितले. कापूस टेकवला, कळला. गरम पाण्याची नळी टेकवली, मग गारची. आण्णा म्हणाले, "दोन्ही एकच की." स्पर्श आहे, चटका नाही. नीट ऐका, स्पर्श आहे, चटका नाही.

मानेसकट एमआरआय केला. दोषाचं नाव कियारी. १८९१ साली हान्स कियारी या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून मानेत उतरतो. पाटाच्या मोरीत पाचोळा अडकावा तसा मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह तिथं अडतो. काहींच्या मज्जारज्जूत मग पाण्याची पोकळी होते, आणि चटक्याच्या नसा तिथूनच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओलांडून जातात, म्हणून त्या दबतात. आण्णांचं तेच झालं होतं.

आण्णांचं ऑपरेशन झालं. कवटीच्या मागचं थोडं हाड काढून जागा मोकळी करतात. खोकल्याची कळ गेली. चटका मात्र पुरता परतला नाही. फार दिवस दाबलेल्या नसा सगळ्याच सुधारत नाहीत. पाक आता थोरला मुलगा बघतो, आण्णा लांबून सूचना देतात, आणि त्या कुणी ऐकत नाही अशी काकींची तक्रार.

दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये कियारी दिसला आणि त्रास काहीच नसेल, तर बहुधा नुसती नजर ठेवतात. पण खोकताना मागं कळ येत असेल, हाताला चटका कळत नसेल, तर 'मणक्यात गॅप' म्हणून पट्टा बांधू नका, सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. जुना एमआरआय असेल तर तोही सोबत न्या.